हातमागाचा भास आणि हातमाग

कपड्यांच्या एखाद्या नावाजलेल्या दुकानाची ओळख हरवते, तेव्हा ते लगेच बंद पडत नाही. उलट शाखा वाढतात, मॉलमध्ये मोक्याची जागा मिळते, दिवे जास्त उजळ होतात. फक्त जुनं गिऱ्हाईक आत येतं, दहा मिनिटं हँगर इकडून तिकडे सरकवतं आणि काही न घेता बाहेर पडतं. काय झालं, असं विचारलं तर ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ एवढंच सांगतं. फॅबइंडियाबद्दल हे वाक्य पुण्यामुंबईत, आणि सुती कुर्ता हा रोजचा पोशाख असलेल्या प्रत्येक घरात, बरीच वर्षं ऐकू येतं आहे. त्या वाक्याच्या पोटात काय दडलंय, ते नीट उकलून बघावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. ते नुसतं जुन्याचं कौतुक नाही. त्यात एक रास्त तक्रार आहे आणि ती एकट्या फॅबइंडियापुरती नाही.

आधी हे दुकान मुळात काय होतं ते पाहू. जॉन बिसेल हा अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा माणूस. मेसीज या मोठ्या दुकानात त्याने खरेदीचं काम केलं होतं. 1958 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तो भारतात आला तो कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियमचा सल्लागार म्हणून. इथले हातमाग बघून तो इथेच राहिला आणि 1960 मध्ये त्याने फॅबइंडिया सुरू केली. पण ते दुकान नव्हतं, ती निर्यात कंपनी होती. पानिपतच्या ए. एस. खेरांसारख्या विणकरी उद्योजकांकडून सतरंज्या, पडद्यांचं आणि बैठकीचं कापड घ्यायचं आणि परदेशी पाठवायचं, हा धंदा. टेरेन्स कॉनरन यांची इंग्लंडमधली हॅबिटॅट ही साखळी त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं. दिल्लीतल्या ग्रेटर कैलासच्या एन ब्लॉक मार्केटमधलं पहिलं दुकान उघडायला 1976 साल उजाडलं. म्हणजे पहिली सोळा वर्षं ही कंपनी भारतीय गिऱ्हाइकाला काही विकत नव्हती. परदेशातल्या चोखंदळ खरेदीदाराला पसंत पडेल असं हातमागाचं कापड निवडणं, एवढंच काम ती करत होती.

फॅबइंडियाची खरी ओळख याच निवडीत होती, असं मला वाटतं. तो काळ टेरिकॉटचा होता. न चुरगळणारं, इस्त्रीची कटकट नसलेलं, चकाकणारं कापड म्हणजे प्रतिष्ठा. सुती हातमाग घ्यायचा तर खादी भांडारात जायचं, गांधी जयंतीपासून सुरू होणाऱ्या रिबेटची वाट बघायची आणि कपाटाच्या काचेआड घडी घालून ठेवलेल्या ताग्यांतून विक्रेत्याच्या मर्जीने एखादा तागा बाहेर यायचा. तयार कपडा मिळाला तर त्याचं माप अंगाला बसेलच याची खात्री नाही. फॅबइंडियाने तेच हातमागाचं कापड घेतलं, त्याचे नीट बेतलेले कुर्ते केले, रंग असे जमवले की एक कुर्ता तीन सलवारींवर चालावा, आणि सगळं उघड्या मांडणीवर ठेवलं. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने कापड चाचपावं. पोत कळावा. पुढे प्राध्यापक, वकील, चळवळीतले कार्यकर्ते, नाटकवाले, पत्रकार यांचा तो जणू गणवेशच झाला. मुंबईत काळा घोड्याजवळच्या जीरू बिल्डिंगमधल्या दुकानात जाणं हा अनेकांना खरेदीपेक्षा मोठा आनंद वाटायचा. तिथून कुर्ता घेणाऱ्याला एक समाधान असायचं: मी कापड घेतलं, आणि कुठल्यातरी गावातला एक माग चालू राहिला.

या समाधानाला पैशांत मोल होतं. शेजारच्या दुकानात निम्म्या किमतीत कुर्ता मिळत असताना माणूस इथे दुप्पट द्यायचा तो त्यासाठी. ब्रँड म्हणतात तो यापेक्षा वेगळा काही नसतो. बोधचिन्ह, पिशवी, दुकानातला वास या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

मग बिघडलं कुठे? कंपनीच्या वाढीच्या इतिहासात त्याची काही उत्तरं आहेत. 1992 मध्ये हॅबिटॅट विकली गेली आणि त्या बड्या गिऱ्हाइकावर विसंबून राहणं धोक्याचं ठरलं. 1998 मध्ये जॉन बिसेल गेले. मुलगा विल्यम याने सूत्रं हाती घेतली आणि देशातल्या बाजारपेठेकडे मोर्चा वळवला. हा निर्णय योग्यच होता. उदारीकरणानंतर हातात पैसा आलेल्या, पण आपलेपण न सोडू इच्छिणाऱ्या मध्यमवर्गाला असंच दुकान हवं होतं. दुकानं वाढत गेली. घरसजावट आली, फर्निचर आलं, साबण-शाम्पू आले, कडधान्यं आणि मसाले आले, फॅबेल्स या नावाने पाश्चात्त्य धाटणीचे कपडेही आले. ऑरगॅनिक इंडिया ही तुळशीच्या चहाची कंपनी कह्यात आली. जानेवारी 2024 मध्ये टाटा कन्झ्युमरने तीही सुमारे 1,900 कोटी रुपयांना घेण्याचं जाहीर केलं. कॅफे आणि मुलांना खेळायला जागा असलेली मोठाली ‘एक्स्पीरियन्स सेंटर्स’ उघडली. बाहेरचे गुंतवणूकदार आले. एलव्हीएमएच या फ्रेंच चैनीच्या वस्तूंच्या समूहाशी जोडलेला एल कॅपिटल हा निधी त्यांतलाच एक. जानेवारी 2022 मध्ये कंपनीने शेअर बाजारात उतरण्यासाठी सेबीकडे कागदपत्रं दाखल केली. त्यांत देशातल्या 118 शहरांमधल्या 311 दुकानांचा आणि कंत्राटी उत्पादकांमार्फत जोडल्या गेलेल्या 50,000 हून अधिक कारागिरांचा उल्लेख होता. सुमारे 4,000 कोटींची ही भागविक्री फेब्रुवारी 2023 मध्ये बाजाराची स्थिती बरी नाही म्हणून मागे घेण्यात आली.

त्याच कागदपत्रांत कंपनीने स्वतःचं वर्णन जीवनशैलीचं व्यासपीठ असं केलं होतं. मला हा शब्दप्रयोग फार खुपतो. कापड निवडणारी संस्था आणि जीवनशैली विकणारी संस्था यांत मूलभूत फरक आहे. कापड निवडणारा ‘हे नको’ म्हणू शकतो. त्याची पत त्याने काय नाकारलं यावर ठरते. जीवनशैली विकायची झाली की काहीच नाकारता येत नाही, कारण माणूस सकाळी चहा पितो, दुपारी जेवतो, संध्याकाळी जीन्स घालतो आणि रात्री चादर पांघरतो. सगळंच त्यात बसतं. आणि सगळंच बसतं तेव्हा गिऱ्हाइकाला कळेनासं होतं की या छताखाली कशाला हमी आहे आणि कशाला फक्त रंगसंगती आहे.

इथे हातमागाचं गणित सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही चर्चा नुसती भावनिक होईल. साधं सुती कापड एक विणकर दिवसभरात चार-सहा मीटर विणतो; नक्षी असेल तर त्याहून कमी. त्याच्या अगोदर सूत भरणं, ताणा लावणं, खळ देणं ही घरातल्या बायकांची कामं असतात आणि मजुरीचा हिशेब करताना ती बहुतेक वेळा धरलीच जात नाहीत. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांवर हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि दोन तृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या आत आहे. दुसऱ्या बाजूला इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत एक कामगार एका वेळी कितीतरी यंत्रमाग सांभाळतो. मीटरमागे खर्चातला फरक इतका मोठा आहे की जो व्यापारी यंत्रमागाचं कापड हातमागाच्या भावाने विकू शकेल, त्याला दुसरा कुठला धंदा करायची गरज नाही. हा मोह फार जुना आहे. म्हणूनच 1985 मध्ये केंद्राने काही प्रकारचं कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला. सुरुवातीला त्यात 22 प्रकार होते, पुढे ते 11 वर आले.

खादीची व्याख्या तर त्याहून कडक. 1956 च्या कायद्याप्रमाणे भारतात हाताने कातलेल्या सुताचं, भारतातच हातमागावर विणलेलं कापड म्हणजे खादी. गिरणीचं सूत वापरून हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड झालं, खादी नव्हे. जानेवारी 2018 मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने फॅबइंडियाला नोटीस पाठवून 525 कोटींची नुकसानभरपाई मागितली. परवानगी न घेता खादीचं नाव वापरून कपडे विकल्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. कोण बरोबर हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, माझं नाही. मला त्यातून दिसली ती गिऱ्हाइकाची अवस्था. हाताने कातलेलं की गिरणीत कातलेलं, हे दुकानात उभं राहून सांगू शकेल असा सुशिक्षित खरेदीदार शंभरांत एक तरी सापडेल का? आणि हा प्रश्न खासगी कंपनीपुरता नाही. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरचं खादी भांडार 1954 पासून चालत आलेलं. तिथे तीन पिढ्यांनी डोळे मिटून खरेदी केली. त्याचंच खादी प्रमाणपत्र जानेवारी 2022 मध्ये आयोगाने रद्द केलं, तेही अस्सल नसलेली खादी विकल्याचा ठपका ठेवून. जिथे शंका घ्यायचं मनातही येत नव्हतं, तिथेही आता माल तपासूनच घ्यावा लागतो.

पण ओळखायचं कसं? मी ठशांच्या छपाईचं उदाहरण घेते, कारण कुर्ता, दुपट्टा, चादर सगळीकडे ती असते. खरी ठशांची छपाई म्हणजे शिसवी किंवा सागवानी लाकडात कोरलेला ठसा रंगात बुडवून हाताने उमटवलेला. नक्षीत तीन रंग असतील तर तीन वेगळे ठसे लागतात, आणि एकावर एक नेमके बसावेत म्हणून ठशाच्या कोपऱ्यात बारीक ठिपका ठेवलेला असतो. कारागीर आधीच्या ठिपक्यावर पुढचा ठिपका टेकवत सरकत जातो. कापड जवळ धरलं तर ते ठिपके सापडतात. दोन ठसे जिथे भेटतात तिथे रंग किंचित गडद होतो किंवा केसाएवढी फट राहते. कधी पाकळीच्या बाहेर लाल रंग ओघळतो. या खुणा ज्यांना माहीत होत्या, ते त्या बघून कापड घ्यायचे. मग छपाईच्या कारखान्यांनी या खुणांचीच नक्कल केली. स्क्रीन तयार करतानाच त्यात ती फट, तो ओघळ, तो ठिपका घालून ठेवला. आता ओळखायची एकच रीत उरली आहे. कापड लांबवर पसरायचं आणि चूक कुठे कुठे आहे ते बघायचं. हाताने मारलेल्या ठशात प्रत्येक वेळी चूक वेगळी पडते. स्क्रीनमध्ये तीच चूक, त्याच जागी, ठरावीक अंतराने परत परत येते.

शिवलेल्या कुर्त्यात हे बघायला पुरेसं कापडच नसतं. मापाप्रमाणे तुकडे कापलेले, नक्षी तुटलेली. काठाची तीच गत. पूर्वी जाणकार सांगायचे की हातमागाच्या काठाजवळ टोचल्याची बारीक छिद्रं दिसतात, कारण विणताना कापड ताणून धरायला टोकदार खिळ्यांची पट्टी लावतात. पण यंत्रमागावरही कापड ताणून धरायची टोकदार चाकं असतात, त्यामुळे ती खूणही पुरेशी नाही. शिवाय तयार कपड्यात काठ आतल्या शिवणीत गेलेला असतो. मतलब असा, की तयार कपड्यांच्या दुकानात डोळा आणि बोटं ही गिऱ्हाइकाची जुनी हत्यारं निकामी होतात. त्याच्याकडे उरतो फक्त दुकानाचा शब्द. म्हणून तयार हातमाग विकणाऱ्या दुकानावर कापड विकणाऱ्या दुकानापेक्षा जास्त जबाबदारी येते.

आपल्याकडच्या पैठणीकडे बघा. येवल्यात किंवा पैठणला गेलेली बाई पदर उलटा करून बघते. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत नसतील, मोर दोन्हीकडून तितकाच स्वच्छ असेल, तर ती हाताने विणलेली. सुटे धागे कापून किंवा जाळी लावून झाकलेले असतील तर यंत्राची किंवा सेमी. दुकानदारही दडवत नाही. ‘ही सेमी आहे ताई, ही हातमागाची’ असं सांगून दोन्ही समोर टाकतो. एकीची किंमत दुसरीच्या अनेक पट असते आणि दोन्ही विकल्या जातात. ज्या घरात एक खरी पैठणी लग्नात घेतली जाते, त्याच घरात हळदीकुंकवाला नेसायला सेमी घेतात, आणि कुणालाही फसवल्यासारखं वाटत नाही. हातमागाच्या पैठणीचा भाव टिकला याचं मोठं कारण हे आहे की घेणाऱ्या बायकांना फरक कळतो आणि विकणाऱ्याला तो सांगावा लागतो. सुती कुर्त्यांच्या बाजारात हा फरक सांगण्याची रीत पडलीच नाही. ‘हँडक्राफ्टेड’ नावाचा एक ऐसपैस शब्द आला आणि त्याने सगळं पोटात घेतलं. हाताने विणलेलं, हाताने छापलेलं, यंत्रावर विणून हाताने दोन टाके घातलेलं, सगळं त्यात मावतं.

साखळी दुकानांना ही घसरण नवी नाही. मार्क्स अँड स्पेन्सरचं उदाहरण फॅबइंडियाच्या चालकांनी वाचलेलंच असणार. 1928 मध्ये नोंदवलेलं ‘सेंट मायकल’ हे त्यांचं कपड्यांवरचं नाव इंग्लंडमध्ये घराघरांत होतं. बहुतांश माल ब्रिटिश गिरण्यांत बनतो, हा त्यांचा अभिमानाचा विषय. 1997-98 च्या वर्षात नफा एक अब्ज पौंडांच्या वर गेला आणि पुढच्याच वर्षी तो जवळपास निम्म्यावर आला. घाबरलेल्या कंपनीने अनेक दशकांच्या ब्रिटिश पुरवठादारांशी संबंध तोडले, माल परदेशातून आणायला सुरुवात केली आणि 2000 मध्ये सेंट मायकल हे नावही काढून टाकलं. खर्च वाचला. पण ‘हा स्वेटर कुठला’ या प्रश्नाला जे एक ठसठशीत उत्तर होतं ते गेलं. त्यानंतरची बरीच वर्षं कंपनी आपण नेमके कोण, याचाच शोध घेत राहिली. जिवावरचा खर्च कापताना जीवच कापला गेला, असं मी त्याला म्हणेन.

ऑक्टोबर 2021 मधला ‘जश्न-ए-रिवाज’चा वाद इथे टाळता येत नाही. दिवाळीच्या तोंडावर फॅबइंडियाने आपल्या एका कपड्यांच्या मालिकेला हे नाव दिलं. हिंदू सणाला उर्दू नाव का, म्हणून गदारोळ झाला, बहिष्काराची हाक आली आणि कंपनीने जाहिरात मागे घेतली. ही दिवाळीची मालिका नव्हतीच, ती ‘झिलमिल सी दिवाली’ नावाने वेगळी येणार आहे, असा खुलासाही केला. माझं मत स्पष्ट आहे: तो गदारोळ अन्यायाचा होता आणि कंपनीने माघार घ्यायला नको होती. पण माघार इतकी सहज का झाली, याचा विचार करते तेव्हा मला पुन्हा ओळखीचाच प्रश्न दिसतो. तेव्हा कंपनीला एक खणखणीत उत्तर देता आलं असतं. आमच्या मांडणीवर कच्छच्या अजरखपूरचे खत्री मुसलमान छापतात ते अजरख आहे, बनारसच्या जुलाह्यांचं रेशीम आहे आणि राजस्थानच्या बगरू-सांगानेरच्या छिप्यांचे ठसेही आहेत, असं सांगता आलं असतं. हे छिपा लोक संत नामदेवांना आपले मानतात आणि नामदेव छिपा म्हणवतात. पंढरपूरच्या शिंप्याचं नाव राजस्थानातल्या रंगाऱ्यांच्या घरात आहे. आपलं कापड कुणाच्या हातून येतं हे ज्या दुकानाने रोज गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, त्याला अशा वेळी बोलायला जागा असती. गिऱ्हाइकांनीही साथ दिली असती. ‘सेलिब्रेट इंडिया’ असं घोषवाक्य लावून कारागिराचा पत्ता गुलदस्त्यात ठेवला, तर भारत म्हणजे काय हे दुसरेच कुणीतरी ठरवतात.

आणि सांगायला कंपनीकडे काही नव्हतं असं अजिबात नाही. 2007 पासून तिने पुरवठादार कारागिरांना प्रादेशिक कंपन्यांचे भागीदार करण्याचा प्रयोग केला. विणकर, छपाईवाले, भरतकाम करणाऱ्या बायका यांच्या नावावर शेअर. भारतातल्या कुठल्याही कपड्यांच्या साखळीने याहून धाडसी काही केल्याचं मला माहीत नाही. 2022 च्या भागविक्रीच्या वेळीही बिमला नंदा बिसेल आणि मधुकर खेरा या प्रवर्तकांनी आपले सात लाखांवर शेअर कारागीर आणि शेतकऱ्यांना देण्याचा मनोदय जाहीर केला होता. या गोष्टी अर्थविषयक वर्तमानपत्रांत आल्या, व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवल्या गेल्या. कुर्त्याच्या चिठ्ठीवर मात्र पोचल्या नाहीत. ज्या बाईने तो कुर्ता दोन हजारांना घेतला, तिला त्यातलं काहीच कळलं नाही. जी ओळख कंपनीने खरोखर कमावली होती तीच तिने दुकानाच्या दारात सोडली आणि आत मंद दिवे आणि पितळी घंगाळी मांडली, ही मला या सगळ्यातली सगळ्यात मोठी चूक वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शुद्धतेच्या गप्पा सोप्या असतात. पन्नास हजार कारागिरांना वर्षभर काम देणं अवघड असतं. तेवढं काम द्यायचं तर दुकानं वाढवावी लागणार, दुकानं वाढली की भाडं वाढणार, आणि ते भाडं भरायला असाही माल ठेवावा लागणार जो झटपट बनतो आणि झटपट विकला जातो. हे मला मान्य आहे. जयपूरची अनोखी ठशांच्या छपाईला चिकटून राहिली आणि त्यामानाने लहान राहिली. तिची ओळख शाबूत आहे, पण तिच्यामागे उभ्या असलेल्या हातांची संख्याही त्या मानाने मर्यादित आहे. दुसऱ्या टोकाला टाटांचं झुडिओ. तिथे सगळं स्वस्त, आणि ते तसंच सांगून विकतात. कुणी झुडिओत जाऊन कारागिराचं नाव विचारत नाही, आणि झुडिओ तसा दावाही करत नाही. मधल्या जागेत उभं राहणं सर्वांत कठीण आहे हे मी जाणते.

पण या आक्षेपाने माझ्या तक्रारीला उत्तर मिळत नाही. माझी तक्रार वाढीबद्दल नाही, सरमिसळीबद्दलही नाही. यंत्रमागाचं कापड विकण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. मालेगाव-इचलकरंजीच्या कामगाराचे कष्टही कष्टच आहेत, आणि त्याच्या कापडालाही त्याच्या नावाने मान मिळायला हवा. तक्रार आहे ती न सांगण्याबद्दल. यंत्रमागाचा कुर्ता 900 रुपयांना यंत्रमागाचा म्हणून ठेवा, हातमागाचा 2,400 ला हातमागाचा म्हणून ठेवा, शेजारी शेजारी ठेवा. ज्याला जे परवडेल, ज्याचं जे मोल वाटेल, ते तो घेईल. न सांगता दोन्ही एकाच उजेडात टांगले, की स्वस्त कापड महाग कापडाची पत खातं. आणि मग गिऱ्हाईक दोन्हींवर अविश्वास दाखवतं. हातमागाच्या कापडाला खरा मार बसतो तो इथे. माग असलेल्या घरात ऑर्डर कमी होते तेव्हा त्या घराला कुणीही सांगत नाही की शहरातल्या गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला म्हणून हे झालं.

आपला, म्हणजे घेणाऱ्यांचा, वाटाही यात आहे. आपल्याला हातमाग हवा असतो, पण दोन्ही बाह्यांचा रंग तंतोतंत जुळायला हवा असतो. नैसर्गिक रंग हवा असतो, पण पहिल्या धुण्यात टपभर निळं पाणी निघालं की तो माल खराब ठरतो. मागच्या वर्षी घेतलेली छपाई याही वर्षी त्याच छटेत, त्याच मापात मिळायला हवी असते. धाग्यात गाठ दिसली की बदलून मागतो. दुकानाचा व्यवस्थापक हे रोज ऐकतो, तो वर कळवतो, आणि वरून हुकूम निघतो तो एकसारख्या मालाचा. एकसारखा माल यंत्रच देऊ शकतं. त्यातच वर्षातून दोनदा ‘पन्नास टक्के सूट’ची सवय लागली की मूळ किमतीवरचा विश्वास जातो. मग ज्या कापडाची मूळ किंमतच विणकराच्या मजुरीतून आली आहे, त्याच्याही किमतीवर कुणी विश्वास ठेवत नाही. एका साखळी दुकानात एका ओळखीच्या बाईने निळीत रंगवलेला दुपट्टा परत केला, कारण हाताला रंग लागला. दुकानाने तो निमूटपणे परत घेतला, पैसे दिले. नीळ पहिल्या काही धुण्यांत सुटते, हे तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. ते सांगणं हाच त्या दुकानाचा धंदा असायला हवा होता.

म्हणून माझं म्हणणं फार साधं आहे. फॅबइंडियाने नवं बोधचिन्ह शोधू नये, नवी मालिका आणू नये, आणखी कॅफे उघडू नयेत. प्रत्येक कपड्याच्या चिठ्ठीवर चार ओळी छापाव्यात: सूत हाताने कातलेलं की गिरणीचं, विणकाम हातमागावर की यंत्रमागावर, छपाई ठशांची की स्क्रीनची, आणि गाव कुठलं. यासाठी नवीन तंत्र लागत नाही. ही माहिती खरेदी विभागाकडे असणारच. ती छापल्यावर काही माल कमी विकला जाईल, हे खरं. पण ज्या दुकानाने 1976 मध्ये टेरिकॉटच्या लाटेत हातमाग विकून दाखवला, त्याला हे जमणार नाही असं मानायला मी तयार नाही. जे दुकान हे पहिल्यांदा करेल त्याच्याकडे जुनं गिऱ्हाईक परत येईल, मग ते फॅबइंडिया असो, टाटांचं तनैरा असो की आदित्य बिर्ला समूहाने घेतलेलं जयपोर.

आणि वाचकांना एक विनंती. पुढचा कुर्ता घ्याल तेव्हा काउंटरवर विचारा, हे कापड कुठे विणलं आणि कशावर विणलं. विक्रेत्याला माहीत नसेल तर त्याच्यावर चिडू नका, त्याला विचारून सांगायला सांगा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. हातमागाच्या कपड्यांसाठी सरकारचं हातमाग चिन्ह 2006 पासून आहे. हातमागाच्या भावाने पैसे मोजत असाल, तर ते कपड्याला लावलेलं आहे का ते बघा, आणि नसेल तर का नाही ते विचारा.